जिंकलेला पैसा कोणाचा?

जुगारात हरलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते. त्याचे नुकसानच अर्धा उपदेश करून गेलेले असते. आपण केवळ त्यावर मान डोलवायची असते. परंतु जो जिंकून आला आहे, ज्याने कोणाची चोरी केलेली नाही, ज्याचा हिशेबही बरोबर आहे आणि जो आपल्यासमोर शांतपणे बसून विचारतो, "यात माझे काय चुकले?", त्याला काय सांगावे? हा प्रश्न मला एका घरच्याच मुलाने विचारला. त्याचे उत्तर शोधताना जे सुचले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहे; कारण आज हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही.

गोष्ट २०२३ च्या जानेवारीतील आहे. जळगावात थंडी चांगलीच पडली होती आणि आमच्या घरी भरीत-भाकरीचा बेत होता. धुळ्याहून माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, आपल्या मुलासह आली होती. आपाच्या घरी चार यंत्रमाग आहेत. व्यापाऱ्याकडून सूत उधारीवर आणायचे, कापड विणायचे, कापड विकले की सुताचे पैसे चुकते करायचे, हा त्या घराचा दोन पिढ्यांचा क्रम. हिशेबाचे काम भाच्याकडे. मुलगा बी.कॉम. झालेला, आकडेमोडीत तल्लख. जेवणानंतर तो माझ्यामागे गच्चीवर आला आणि म्हणाला, "मामू, तुमची एकतीस वर्षे गणित शिकवण्यात गेली. एक उदाहरण तपासून द्या."

ते उदाहरण पत्त्यांचे होते. आदल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास तो मोबाइलवर पोकर खेळत होता. त्याच्या हाती बदामाची दोन पाने होती. समोर उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन बदाम होते. अजून दोन पाने उघडायची होती. त्यांपैकी एक जरी बदाम निघाले असते तर डाव त्याचा होता, न निघाले तर समोरच्याचा. मध्ये वीस हजार रुपये जमले होते, अर्धे याचे व अर्धे त्या अज्ञात खेळाडूचे. तेवढ्यात त्या खेळाडूने आपल्याजवळचे उरलेले सगळे वीस हजार एकदम पुढे सारले. याला त्या खेळात 'ऑल-इन' म्हणतात. आता भाच्यापुढे दोनच मार्ग होते. पाने टाकून द्यावीत आणि गेलेले दहा हजार विसरावेत. किंवा स्वतःचेही वीस हजार घालून 'कॉल' द्यावा. निर्णयासाठी काही सेकंद होते.

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. बावन्न पानांपैकी पाच त्याला दिसत होती, सत्तेचाळीस दिसत नव्हती. त्यांत नऊ बदाम. दोन पानांत किमान एक बदाम येण्याची शक्यता शंभरात जवळजवळ पस्तीस. दुसरीकडे वीस हजार घालून साठ हजारांचा डाव मिळत होता. म्हणजे तीनदा खेळून एकदा जिंकले तरी बरोबरी. शंभरात तेहतीस पुरेसे, आणि त्याच्याकडे पस्तीस होते. त्याने कॉल दिला. पाचवे पान बदामाचे निघाले.

"हिशेब बरोबर आहे ना, मामू?"

मी म्हणालो, "बरोबर आहे." आणि मग सहज विचारले, "पैसे कोणाचे होते?"

तो थोडा थांबला. पैसे सुताचे होते. व्यापाऱ्याला चार दिवसांनी द्यायचे तीस हजार. ते त्याने वेळेवर, पूर्णच्या पूर्ण दिले होते. वर सत्तावीस हजार त्याच्या खात्यात उरले होते. "कोणाचे काय बिघडले?" तो म्हणाला. त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. खरेच जाणून घ्यायचे होते.

सुखरूप पोहोचलेला चालक

प्रथम त्या तीस हजारांचा विचार करू. सूत घरात आले त्या क्षणापासून त्याची किंमत त्या व्यापाऱ्याची होती. ती भाच्याच्या खात्यात केवळ मुक्कामाला होती. इस्लामी परिभाषेत आपण ज्याला अमानत म्हणतो ती हीच. रात्री दोन वाजता, शंभरात पासष्ट वेळा जी रक्कम बुडाली असती अशा डावावर, त्याने दुसऱ्याची ठेव लावली. ती बुडाली नाही, ही गोष्ट त्याच्या हातची नव्हती.

सुरत-नागपूर महामार्गावर धुळ्याहून निघालेला एखादा ट्रकचालक झोपेने डोळे मिटत गाडी हाकतो आणि तरीही जळगावला सुखरूप पोहोचतो. त्याने गाडी चांगली चालवली असे आपण म्हणू का? रस्ता त्या रात्री रिकामा होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. परिणाम चांगला झाला म्हणून कृती चांगली ठरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सुप्रसिद्ध हदीसनुसार कर्मांची गणना हेतूंवरून होते. निकालाचे पान उलटल्यावर हेतू बदलत नाही. कॉल देतानाच्या क्षणी त्याने जे केले ते अमानतीतील खयानत होते आणि पाचव्या पानावर बदामाऐवजी किलवर निघाले असते तर ते जितके दोषास्पद ठरले असते, तितकेच ते आताही आहे. फरक इतकाच की, तेव्हा सगळ्या घराला ते कळले असते. आता ते केवळ त्याला आणि अल्लाहला ठाऊक होते.

हे भाच्याने मान्य केले. पण तो हुशार मुलगा होता. म्हणाला, "ठीक. अमानतीचे चुकले. पैसे माझे स्वतःचे असते तर?"

खरा प्रश्न येथून सुरू होतो.

गणित काय सांगते आणि काय सांगत नाही

आधी गणिताशी प्रामाणिक राहू. संभाव्यतेचे शास्त्र जुगाराच्या फडातूनच जन्मले, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकातील इटलीचा कार्दानो स्वतः जुगारी होता आणि त्याने फाशांच्या गणितावर लिहिले. १६५४ साली पास्कल व फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट थांबलेल्या डावातील पैसे कसे वाटावेत यावर पत्रव्यवहार केला आणि त्यातून हे शास्त्र उभे राहिले. आज त्याच शास्त्रावर पिकांचे अंदाज, विम्याचे हप्ते, औषधांच्या चाचण्या चालतात. ज्ञान वाईट नसते.

परंतु भाच्याच्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. ज्या कंपनीच्या टेबलावर तो खेळत होता ती प्रत्येक डावातून पाच टक्के कापून घेत असे. साठ हजारांतून तीन हजार गेले, उरले सत्तावन्न. सत्तावन्न हजारांचे पस्तीस टक्के म्हणजे एकोणीस हजार नऊशे पन्नास. म्हणजे वीस हजार देऊन तो सरासरीने पन्नास रुपये कमी किमतीची वस्तू विकत घेत होता. ज्या हिशेबाचा त्याला अभिमान होता तोच कंपनीच्या कपातीने उलटा झाला होता. करांचा विचार तर मी केलेलाही नाही.

मी हे त्याला दाखवले, पण हे माझे उत्तर नव्हे हेही लगेच सांगितले. कपात पाचाऐवजी दोन टक्के असती तर गणित पुन्हा त्याच्या बाजूने झाले असते. हलाल व हराम यांतील सीमा पन्नास रुपयांवर अवलंबून नसते.

त्याहून महत्त्वाचे काही त्या पस्तीस टक्क्यांत दडलेले आहे. शंभरात पस्तीस या आकड्याला अर्थ केव्हा येतो? जेव्हा तसे शंभर डाव खेळले जातात तेव्हा. एका डावात पस्तीस टक्के कोणी जिंकत नाही. माणूस एक तर सगळे जिंकतो किंवा सगळे हरतो. 'हा कॉल बरोबर आहे' असे गणित म्हणते तेव्हा त्याचा पूर्ण अर्थ असा असतो: 'असे कॉल तू आयुष्यभर देत राहणार असशील, तर.' म्हणजे तो हिशेब एका डावाविषयी सल्ला देताना मनुष्याला पुढील हजार डावांचे आमंत्रण देत असतो. आणि १६५७ मध्ये हॉयगेन्स या डच गणितज्ञाने मांडलेल्या एका कोड्यातून पुढे जो सिद्धांत विकसित झाला तो असे दाखवतो की, खेळ अगदी समसमान असला तरी, मर्यादित पुंजीचा खेळाडू अमर्याद पुंजीच्या प्रतिपक्षाशी खेळत राहिला तर शेवटी त्याचीच पुंजी संपते. चार मागांच्या घराची पुंजी मर्यादित असते. मोबाइलच्या पलीकडील बाजारात एकामागून एक माणसे येतच राहतात.

एकतीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर बरोबर-चूक अशा खुणा केल्या. त्या रात्री प्रथमच माझ्यासमोर असे उदाहरण आले की ज्याची आकडेमोड तपासायची होती, पण मूळ प्रश्नच मुलाने स्वतःला विचारायला नको होता.

कौशल्याचा युक्तिवाद

दुसरा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो: हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे. आपल्या देशाच्या न्यायालयांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ विचार केला आहे. आपल्या राज्यातील जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हे असे म्हटले. १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. पोकरच्या बाबतीत २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने तो जुगारच ठरविला, तर अन्य काही न्यायालयांनी वेगळे मत दिले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. लोकसभेत २० रोजी, राज्यसभेत २१ रोजी. आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला: पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, चालविण्यास बंदी. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही.

कायद्याला येथे पोहोचण्यास जो काळ लागला, तो पाहता इस्लामी धर्मशास्त्राने हा प्रश्न किती आधी ओळखला होता हे लक्षात येते. नेमबाजी, घोड्यांची शर्यत, उंटांची शर्यत यांत कौशल्य असते; हदीसमध्ये अशा स्पर्धांच्या बक्षिसाला परवानगीही आहे. तरीही बहुसंख्य फकीहांनी तेथेही एक रेषा आखली. बक्षीस शासकाने दिले, एखाद्या तिसऱ्याने दिले, तर ते बक्षीस. परंतु दोघा स्पर्धकांनीच पैसे लावावेत आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे उचलावेत, तर तो किमार, म्हणजे जुगार. धनुर्विद्येत कौशल्य नाही असे कोणी म्हटले नाही. प्रश्न कौशल्य आहे की नाही हा नव्हताच. प्रश्न होता की, एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतूनच निघतो का.

या संदर्भात माननीय अबू बक्र (रजि.) यांचा प्रसंग मननीय आहे. रोमन लोक इराण्यांकडून पराभूत झाले असताना काही वर्षांतच ते पुन्हा विजयी होतील असे भाकीत पवित्र कुरआनच्या सूरह अर-रूममध्ये आले. अबू बक्र (रजि.) यांनी त्यावर मक्केच्या विरोधकांशी पैज लावली. ही जुगाराच्या मनाईपूर्वीची गोष्ट. येथे शक्यता पस्तीस टक्के नव्हती. श्रद्धावंतासाठी ती ईशवाणी होती, संपूर्ण निश्चिती होती. पैज ते जिंकले. आणि काही रिवायतींनुसार, जिंकलेले उंट सदका करून टाकण्यास त्यांना सांगण्यात आले. जेथे जिंकणे निश्चित होते तेथेही तो माल घरात ठेवला गेला नाही. मग आपले पस्तीस टक्के कौशल्य कोणत्या दाराने आत येणार?

शेती हाही जुगारच नाही का?

भाच्याचा तिसरा प्रश्न सर्वांत जवळचा होता. "मामू, रावेर-यावलचा केळीवाला काय करतो? एका वादळात बाग आडवी होते. कापूसवाला तर पाऊस आणि भाव दोन्हीवर डाव लावतो. आम्ही सूत आणतो ते तरी काय? कापडाचा भाव पडला तर आम्ही बुडालो. मग जोखीम तीच ना?"

खानदेशात 'शेती म्हणजे जुगार' हे वाक्य आपण सगळेच सहज बोलतो. ते दुःखातून आलेले आहे, म्हणून त्याचा आदर करावा. पण ते खरे मानू नये. केळीचा शेतकरी जोखीम निर्माण करत नाही. ती हवेत, मातीत आधीच आहे. तो ती सोसतो, कारण तिच्याशिवाय केळी पिकत नाहीत. बाग उभी राहिली तर शेतकऱ्याला पैसा मिळतो, मजुराला रोजी मिळते, व्यापाऱ्याला माल मिळतो आणि दूरच्या शहरात एखादे मूल केळे खाते. त्याचा लाभ होण्यासाठी कोणाचे वाटोळे व्हावे लागत नाही. पत्त्याच्या टेबलावर जोखीम मुद्दाम बनविली जाते; पाने पिसली नाहीत तर ती अस्तित्वातच नसते. आणि शेवटी काय पिकते? त्या रात्रीचा जमाखर्च मांडा: समोरच्याचे तीस हजार गेले, भाच्याला सत्तावीस हजार आले, कंपनीला तीन हजार. सत्तावीस आणि तीन, तीस. एक वार कापड विणले गेले नाही, एक दाणा उगवला नाही. केवळ एका घरातून पैसा उठला आणि दुसऱ्या घरात जाऊन बसला.

या दोन गोष्टींतील अंतर आपल्या मातीनेच पाहिले आहे. कपाशी खानदेशाचे पीक. ती पेरणारा, वेचणारा, पिंजणारा, विणणारा यांची घरे तिच्यावर चालली. त्याच कापसाच्या भावावर मुंबईत एक वेगळा धंदा उभा राहिला होता: न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होताना कोणता भाव येतो, त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा कापूस पूर्णपणे वगळून मडक्यातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले. तोच मटका, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्याने बाजारातून उचललेले. त्याला कापसाची गरज कधी नव्हतीच. ज्या धंद्यातून माल काढून घेतला तरी धंदा तसाच चालू राहतो, तो व्यापार नसतो, ही साधी कसोटी त्यातून हाती लागते. सूत काढून घ्या, आपाच्या घरचे माग थांबतील.

संमती आणि दुआ

"पण तो तर स्वतःहून खेळत होता," भाचा म्हणाला. "मी त्याचा खिसा कापला नाही. दोघांची राजीखुशी होती."

कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये एकमेकांची संपत्ती अनुचित मार्गाने खाण्यास मनाई करताना परस्परसंमतीच्या व्यापाराला मोकळीक दिली आहे. तेथे संमती व व्यापार या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. केवळ संमती पुरेशी असती तर व्याजही हलाल झाले असते. कर्जदार सहीच करतो ना! सूत विकणाऱ्याची व घेणाऱ्याची संमती एकाच वेळी फळू शकते. वर्षअखेर दोघेही समाधानी असू शकतात. जुगारात दोघे जण एकाच डावाला होकार देतात, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या हरण्याला होकार देत असतो. अशा दोन संमती मिळून एक करार होत नाही.

मग मी त्याला विचारले, "पाचवे पान उघडत होते तेव्हा तू काय म्हणालास?"

तो बराच वेळ बोलला नाही. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग हळू आवाजात म्हणाला, "या अल्लाह, असे तोंडातून निघाले."

मला वाटते, त्या रात्रीचे खरे उत्तर येथे होते आणि ते मी दिले नाही, त्यानेच दिले. आपण पावसासाठी दुआ मागतो तेव्हा ती शेजाऱ्याच्या शेतावरही पडते. आजाऱ्यासाठी, प्रवाशासाठी, धंद्यातील बरकतीसाठी मागतो तेव्हा कोणाचे काही कमी होत नाही. ही एक दुआ अशी होती की, ती कबूल होण्यासाठी कोठेतरी कोणाचे तरी घर तीस हजारांनी रिकामे व्हावे लागणार होते. आणि तो दुसरा माणूस? कोण जाणे, त्याच क्षणी तोही आपल्या पालनकर्त्याला हाक मारत असेल. सूरह अल-माइदहमध्ये मद्य व जुगार यांच्या मनाईची जी कारणे सांगितली आहेत त्यांत पैशाचे नुकसान नाही. तेथे म्हटले आहे की, सैतान यांच्याद्वारे तुमच्यात शत्रुत्व व द्वेष पेरू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो. मी आजवर समजत होतो की रोखणे म्हणजे विसर पडणे. भाच्याच्या उत्तराने कळले की, स्मरण ओठांवर असतानाही ते असे वाकडे होऊ शकते. आणि त्या रात्री तीनला झोपलेल्या मुलाची फज्रची नमाज गेली, हे वेगळे.

शत्रुत्व तरी कोठे होते, असे कोणी म्हणेल; तो तर समोरच्याचा चेहराही ओळखत नव्हता. मला ते अधिक भयंकर वाटते. इस्लामपूर्व अरबांच्या जुगारात उंट कापला जाई, बाण काढले जात, रिकामा बाण आला त्यांच्यावर उंटाची किंमत पडे आणि जिंकणारे बहुधा ते मांस गरिबांना वाटून टाकत. कुरआनने जुगारात लोकांना काही लाभ आहेत हे नाकारले नाही. त्याचे पाप लाभाहून मोठे आहे असे सांगितले. भाष्यकार त्या लाभांत हे मांसवाटपही गणतात. विचार करा: ज्यात गरिबाला मांस मिळत होते, हरणारा समोर बसलेला दिसत होता, तो जुगारही मना झाला. आपल्या मोबाइलवर तर हरणारा दिसतही नाही. त्याची बायको, त्याचा माग, त्याचे सूत, काहीच नाही. एक टोपणनाव असते आणि ते पडद्यावरून नाहीसे होते. शत्रुत्वाला निदान चेहरा तरी लागतो.

सत्तावीस हजार

"मग हे पैसे कोणाचे?" त्याने शेवटी विचारले.

मी सांगितले ते विद्वानांकडून ऐकलेलेच होते. हराम मार्गाने आलेला पैसा मालकाला परत करावा. मालक सापडणे अशक्य असेल तर तो गरजूंना द्यावा, पण पुण्याच्या आशेने नव्हे, ओझे उतरवण्यासाठी. दिलेल्या पैशावर त्याचा स्वतःचा काही हक्कच नव्हता, मग त्याचे पुण्य कसले? तो ऐकत होता. "बघतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी माय-लेक धुळ्याला गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. पैसे त्याने दिले नाहीत. त्यावर तो पुन्हा खेळला. पावसाळ्यापर्यंत ते सत्तावीस हजार तर गेलेच, उसनवारी झाली, चारांपैकी एक माग विकावा लागला. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. तो जिंकतच राहिला असता तरी माझे वरचे एक वाक्यही बदलले नसते. उलट ते सांगणे अधिक अवघड झाले असते, इतकेच.

२०२४ च्या रमजाननंतर तो एकटाच जळगावला आला. उसने फेडून झाले होते. म्हणाला, "मामू, त्या सत्तावीस हजारांचे काय? ते तर आता माझ्याकडे नाहीत." मी म्हणालो, "पैसे गेले, देणे गेले नाही." त्याने खिशातून कागद काढला. हिशेब आधीच करून आणला होता: महिना दीड हजार, अठरा महिने. एका गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी, नाव न सांगता. याही वेळी त्याची आकडेमोड बरोबर होती, आणि प्रश्नही बरोबर होता.

त्यानंतर कायदा आला. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. चांगले झाले. पण कायदा टेबल उचलू शकतो, हात थांबवू शकत नाही. एक मार्ग बंद झाला की दुसरा उघडणारे बाजारात असतातच. मनाईची आयत उतरली आणि तिच्या शेवटी 'आता तरी थांबणार का?' या आशयाचा प्रश्न आला, तेव्हा माननीय उमर (रजि.) यांनी 'आम्ही थांबलो' असे उत्तर दिल्याचे रिवायतीत आहे. तेथे ना पोलीस होते ना दंड. प्रश्न हृदयाला विचारला गेला आणि हृदयाने उत्तर दिले.

म्हणून माता-पित्यांना एक विनंती. मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसत असेल तर 'किती हरलास?' हा पहिला प्रश्न नसावा. हरलेला खोटे बोलेल आणि जिंकलेला हसेल. जवळ बसवून विचारावे, 'हे पैसे कोणाचे होते, बेटा? आणि आता कोणाचे आहेत?' निर्णयाच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे: कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली. त्या प्रश्नांच्या उत्तराची सवय घरातच, भाकरीच्या ताटाशी लागलेली बरी.

आणि मुलगा चुकला असेल तर दार बंद करू नये. जुगाराला चल म्हणून दुसऱ्याला नुसते बोलावणाऱ्यानेही सदका करावा अशी शिकवण हदीसमध्ये आहे. म्हणजे तोंडातून गेलेल्या शब्दालाही परतफेडीचा मार्ग ठेवलेला आहे. ज्या धर्माने शब्दासाठी वाट ठेवली, तो सत्तावीस हजारांसाठी ती बंद कशी करील?

अल्लाह आपल्या घरांत हलाल रोजीची बरकत देवो, आपल्या मुलांना दुसऱ्याच्या हानीतून येणाऱ्या लाभापासून दूर ठेवो आणि जे परतू इच्छितात त्यांची पावले सोपी करो. आमीन.